सुंदरअक्का नानांना सांगून गेली

अंगात येणं, भूतबाधा... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. धुळ्याला देवपुरात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. घरातले उपास-नवस मीच बंद पाडले. तरीही हे लिहितेय.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझे वडील, नाना, रेल्वेतून रिटायर होऊन चाळीसगावला एकटे राहत होते. त्यांच्या छातीत डाव्या बाजूला घट्ट गाठ आली होती, बोंड आत ओढलं गेलं होतं. तिथले डॉक्टर दाबून बघून हसले म्हणे. "नाना, हा बायकांचा आजार! तुम्हाला कुठून होणार?" मलम दिलं. नानांनी लाजेने कुणाला काही सांगितलं नाही. मलाही हे नंतरच कळलं.

दिवाळीच्या सुटीत मी गेले होते. भर दुपारी चहा टाकत होते, तर पुढच्या खोलीतून बाईचा आवाज आला. खेड्यातली अहिराणी...

"भाऊ, दपाडू नको. मी दपाडं नि मरी गऊ. मनी छातीमा बी आशीच गाठ व्हती. मोठा दागदरले दखाड."

आजार लपवू नको, मोठ्या डॉक्टरला दाखव, असं काहीसं म्हणत होती. शेजारची कुणी असेल म्हणून एक कप जास्त भरला. बाहेर येऊन बघते तर नाना एकटेच. दाराला आतून कडी. नाना रडत होते.

"कोण आलं होतं, नाना?"

"सुंदरअक्का."

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. माझ्या जन्माआधीच बाळंतरोगाने गेली, असं आम्हाला सांगितलेलं.

मग नानांनी बनियन वर केला.

धुळ्याच्या सर्जननी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचा शेक. तिथल्या ओपीडीत सगळ्या बायका. नर्सने विचारलं, "पेशंट बाई कुठे आहेत?" नाना खाली मान घालून म्हणाले, "मीच."

"पुरुषांना क्वचित होतो, पण होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काखेतल्या गाठींत पसरलाय. आधी यायला हवं होतं. घरात आणखी कुणाला होता?"

मी नानांकडे पाहिलं.

परत आल्यावर मी एरंडोलला आमच्या जुन्या घरी गेले, म्हाताऱ्या काकूंकडे, म्हणजे नानांच्या वहिनींकडे. सुंदरअक्का कशाने गेली, थेट विचारलं. काकूंनी आधी दार लोटून घेतलं.

"बाळंतरोग नही व्हता, माय. तिनी छाती सडी गयथी. मागली खोलीमा ठेवेल व्हती. लोकेस्ले कळतं, ते घरन्या पोरीस्ना लगनं व्हतात का?"

"नानांना माहीत होतं?"

"तो नोकरीवर भुसावळले व्हता. त्याले कोनी सांगं नही."

म्हणजे गाठ अक्कालाही होती, हे नानांना ठाऊक नव्हतं. आणि मला तर नानांच्याही गाठीचा पत्ता नव्हता! मग ते शब्द मी ऐकले कसे? भास म्हणावा, तर दोघांना एकदम, एकच?

नाना वर्षभराने गेले. दहाव्याला एका नातेवाइकाने विचारलं, "काय झालं होतं हो?" मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "हार्टना त्रास व्हता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "छातीचा कॅन्सर होता," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्कालाही तोच होता." बायकांनी पदर तोंडाला लावले. घरी जाईपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.

त्या दुपारी कोण बोललं, ते मला आजही सांगता येत नाही.