तळ्याकाठचा डाग

जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे डागदादा म्हणत. जिन्याखालची खोली, खिडकीशी टेबल, त्यावर भिंग, बारीक ब्रश आणि एक पातं. आधी कॉपी काढायची आणि हात चालवायचा तो कॉपीवर, ही धंद्याची रीत. दादा मात्र थेट मूळ फोटोलाच भिडायचे. "कॉपी शिकाऊ लोकांसाठी," म्हणायचे. बायको म्हणे, "देवानं ह्यांना हात दिला, पण कान द्यायचा राहिला."

एकदा एक म्हातारी आली. कापडात गुंडाळलेला फोटो तिने टेबलावर ठेवला. माळावरचं दुमजली घर, पुढे बाग, कडेला तळं. घर केव्हाच पाडलेलं, तळंही बुजवलेलं.

"मालकीणबाई का तुम्ही?" दादांनी थट्टा केली.

"कसली मालकीण! फरशा पुसायचे मी तिथे. आमचे हे माळी. जाताना मालकांनी एवढा फोटो दिला. चिरा तेवढ्या बुजवा, दादा. आणि तळ्याकडे जरा..."

"आजी, चाळीस वर्षं हेच करतोय. मला नका शिकवू. शुक्रवारी या, घर नवंकोरं करून देतो."

दादांनी जीव ओतला. एकेक खिडकी उजळली. तळ्याकाठी बुरशीसारखा करडा ठिपका होता. तो पात्याने अलगद खरवडला आणि वर पाण्याचा रंग भरला. मागमूस राहिला नाही.

शुक्रवारी म्हातारीने फोटो उजेडात धरला. तिचं बोट घरावरून सरकत तळ्याशी थांबलं.

"दादा, हिला कुठे घातलीत?"

"कोणाला?"

"आमच्या पोरीला. इथे उभी होती. ऐन वेळी पळाली म्हणून पुसट आली. त्याच वर्षी तळ्यात गेली. दुसरा फोटो नाही हो तिचा."

दादांनी चाचपडत ब्रश उचलला. "बसा आजी. काढून देतो मी. हुबेहूब."

"तुम्ही पाहिलंय तिला?"

दादांनी ब्रश खाली ठेवला.

म्हातारीने फोटो परत गुंडाळला. "असू दे. तुम्ही काय मुद्दाम केलंत?" म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत निघून गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं दादांना झालं.

पुढे दहाएक वर्षं ते जगले. काम घेताना गिऱ्हाइकाला समोर बसवून विचारायचे, "यात कोण कोण आहे?" नुसत्या अंगणाचा फोटो असला तरी विचारायचे. लोक हसत. रोज देवापुढे हात जोडून ते डोळे मिटत, त्या पोरीचा चेहरा एकदा तरी दिसावा म्हणून. दिसायचं ते नितळ पाणी. त्यांनीच रंगवलेलं.