सरळ टोकाचा रोल

आमच्या काकाला अख्खी गल्ली 'दोनडोळ्या' म्हणते. कुठेही मोर्चा निघो, हा गळ्यात दोन कॅमेरे अडकवून हजर. डिजिटल कॅमेरा पेपरसाठी, जुना रोलचा स्वतःसाठी. "डिजिटल फोटो कोण कोण बघतं, सांगता येत नाही," म्हणतो. "रोल माझ्या खणात असतो."

त्याचा एकच कडक नियम. वापरलेल्या रोलचं बाहेर राहिलेलं टोक मुडपायचं. सरळ टोक म्हणजे कोरा रोल. जेवायला विसरेल, पण हे विसरणार नाही.

मी चार वर्षांची असताना बाबा मोर्च्याला जातो म्हणून गेले, ते गेलेच. लोक म्हणाले, पळून गेला. आईनेही तेच धरून ठेवलं. त्यावर निदान चिडता तरी येतं. काकाने शपथेवर सांगितलं होतं, "दिवसभर तिथेच होतो, मला नाही दिसला." बाबा खरंच मोर्च्यात होते की आम्हाला टाकून गेले, एवढंच मला कळायला हवं होतं. बावीस वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा मोर्च्याला गेले. चौकातल्या दिव्याच्या खांबापाशी काकाने दोन्ही कॅमेऱ्यांनी माझे फोटो काढले. डिजिटलच्या पडद्यावर मी एकटीच, तोंड वासून घोषणा देतेय.

रविवारी दुपारी बाथरूमच्या खिडकीला काळं कापड लावून आम्ही रोलचे फोटो छापायला घेतले. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कागदावर खांब उमटला, मी उमटले, आणि माझ्यामागे हळूहळू एक माणूस उमटला. चौकडीचा शर्ट. हात माझ्या खांद्यावर. घरातल्या एकुलत्या एका फोटोत बाबांनी तोच शर्ट घातलाय. चेहराही तोच, आता माझ्याच वयाचा.

काकाच्या हातातला चिमटा ट्रेत पडला. "हा रोल कुठून आला?"

"तुझ्या खणातल्या खालच्या डब्यातून. आवरताना सापडला. टोक सरळ होतं, म्हणून कोऱ्यांत ठेवला."

एकाच रोलवर दोन मोर्चे उतरले होते, बावीस वर्षांपूर्वीचा धुरकट आणि परवाचा. मला रडूच फुटलं. बाबा तिथे होते. टाकून गेले नव्हते.

पुढचा फोटो मीच छापला. दोन माणसांनी बाबांचे दंड धरले होते. तिसऱ्यात ते अर्धे गाडीत ओढले गेले होते आणि हात अजून पुढेच होता. तेव्हा कळलं, तो हात माझ्या खांद्यावर नव्हताच. कॅमेऱ्याकडे पसरला होता, सख्ख्या भावाकडे.

"चार पावलांवर होतास तू! धरायचं होतंस ना बाबांना!"

"फोकस लावत होतो," काका म्हणाला. "नंतर टोक मुडपायलाही हात चालेनात."

बाहेरून आईने दार ठोठावलं. "काय गं, आले का फोटो चांगले?"

मी कडीला हात घातला, तर काकाने माझं मनगट घट्ट धरलं. म्हणजे धरता येतं याला. मी हात सोडवून घेतला आणि दार उघडलं.