भूपालअण्णांच्या गाडीचा ब्रेक

‘गाडी विकायची हाय, पण एक शब्द खोटा सांगून न्हाय,’ भूपालअण्णा म्हणाले. चावी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, पण हात काही तिच्यावरून उचलला नाही.

‘अण्णा, हात काढा की. मी काय चावी घेऊन पळून जात नाही.’

‘असू दे गं जरा,’ म्हणाले, आणि चावी परत खिशात टाकली.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं गॅरेज आहे. नवरा मिस्त्री. तो गाड्या दुरुस्त करतो आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री मी बघते. त्यामुळं अख्ख्या गल्लीला मी मिस्त्रीणबाई. माझं खरं नाव विचाराल तर समोरचा चहावालाही डोकं खाजवेल. बाईमाणूस गाड्यांचे व्यवहार करते म्हटल्यावर सुरुवातीला लोक मागं वळून मिस्त्रींना शोधायचे. आता शोधत नाहीत. माझं तोंड किती चालतं ते कळलंय सगळ्यांना.

भूपालअण्णा कागलचे. जैन शेतकरी घर, गावात खताचं दुकान, शब्दाला पक्का माणूस. अण्णांनी सांगितलं म्हणून कागल भागातनं माझ्याकडं कितीतरी गिऱ्हाइकं आली. त्यांची ती मरून रंगाची छोटी गाडी आमच्यासमोरच म्हातारी झाली. लेकीचं लग्न, नातवंडांची बारशी, बाहुबली तीर्थाच्या वाऱ्या, सगळं तिच्यात झालं. अण्णा तिला गाडी म्हणतच नाहीत. ‘ही’ म्हणतात. ‘ही सकाळची जरा कुरकुरते’, ‘हिला चढ आवडत न्हाय’. अव्वा, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाली होती, ‘मला कवा एवढं विचारलं न्हाय गं, काय दुखतंय म्हणून.’

विकायचं कारण साधं होतं. नवी गाडी बुक झाली होती आणि दारात दोन उभ्या करायला जागा नव्हती.

आमच्या धंद्यात मालक गाडीचे दोष लपवतात आणि आम्ही ते शोधतो. अण्णांचं सगळंच उलटं. मी वही उघडायच्या आत सुरू झाले. एसी नावाला हाय. मागची डावी काच खाली गेली की हातानं धरून वर ओढायची. दुसरा गिअर थंडीत अडतो. डिकी उघडायला वरनं थाप मारावी लागते. पुढनं खडखडतंय ते सस्पेन्शन, म्हणजे खड्ड्यातले हादरे सोसायची यंत्रणा, ती दमली हाय.

‘आणि ब्रेक?’ मी विचारलं.

‘ब्रेक एक नंबर! त्यात बोट दाखवायला जागा न्हाय.’

मिस्त्रींनी गाडी जॅकवर चढवली आणि मागची चाकं काढून बघितली. आत लायनर असतात. हे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवतात. ते चांगले जाड होते. चाक परत बसवून मिस्त्रींनी ते हातानं फिरवलं आणि खालूनच ओरडले, ‘दाबा अण्णा!’ अण्णांनी ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. मिस्त्री म्हणाले, आता एक राऊंड मारून येतो, चावी द्या. अण्णा म्हणाले, ‘चल की, मी मारतो राऊंड, तू बस शेजारी.’ डिलिव्हरी होईपर्यंत चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही असा त्यांचा हट्टच होता. वडीलधाऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून मिस्त्री बसले शेजारी. गाडी छान थांबली.

गिऱ्हाईक लागलं ते वारणानगरचं. वैशाली म्हणून एक बाई, शाळेत क्लार्क. नवरा ट्रकवर, त्यामुळं महिन्यातले बरेच दिवस घराबाहेर. दोन लहान पोरांना पुढं-मागं बसवून स्कूटरवरनं नेऊन कंटाळली होती बिचारी. लायसन नवंकोरं. कोल्हापूरच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची हिंमत नव्हती, म्हणून ट्रायल घ्यायलाही तयार होईना. ‘तुम्हीच फिरवा,’ म्हणाली. अण्णांनीच फिरवली, आणि फिरवता फिरवता सगळे दोष परत पहिल्यापासून सांगितले.

खाली उतरल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘बाई, मला हीच पाहिजे. एवढं खरं सांगणारा माणूस मी बघितला नाही.’ टोकन दिलं, म्हणजे व्यवहार पक्का म्हणून आगाऊ रक्कम. गुरुवारी डिलिव्हरी ठरली.

गुरुवारी अण्णा आले ते सगळं घर घेऊनच. अव्वा हळदी-कुंकू आणि नारळ घेऊन आलेली. बरोबर मुलगा महावीर. वय पस्तिशीच्या आसपास, शेती बघतो, बोलणं कमी. तो गाडीतनं न येता मोटरसायकलवरून मागनं आला होता.

वैशाली यायला वेळ होता. अव्वा म्हणाली, ‘अजून एक फेरी मारूया की हिच्यातनं. परत काय बसायला मिळणार?’ डोळ्यात पाणी होतं तिच्या. मी म्हटलं चला, मीही येते. अण्णा स्टेअरिंगवर, अव्वा शेजारी. मागं अण्णांच्या पाठीशी मी, माझ्या बाजूला महावीर.

हायवेला लागेपर्यंत माझं लक्ष बाहेर होतं. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सहज अव्वाच्या पायाकडं नजर गेली. तिनं उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. पुढं एक बस आडवी आली. परत तेच, दोनदा. मॅटवर त्या जागी रबर झिजून चक्क खड्डा पडला होता.

‘अव्वा, पाय का दाबताय ओ?’

ती लाजली. ‘सवय गं. हे दाबतात तवा मीबी दाबते.’

‘पण दोनदा का?’

‘मग? ब्रेक दोनदाच दाबायचा असतोय न्हवं?’

ह्या माऊलीनं आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. ब्रेक म्हणजे काय, हे तिनं फक्त नवऱ्याच्या पायाकडं बघून शिकलेलं. आणि तो पाय दोनदा दाबत होता.

‘कोण दोनदा दाबतंय?’ अण्णा पुढनं गरजले. ‘मी एकदाच दाबतो. हिला काय कळतंय गाडीतलं!’

गॅरेजमागं आमचं मोकळं पटांगण आहे, तिथं गाडी घ्यायला लावली. टोकाला जुन्या टायरींची रास होती. म्हटलं, ‘अण्णा, हळूच चालवा आणि टायरीच्या अलीकडं थांबवा. पण एकदाच दाबून. पाय उचलायचा नाही.’

पहिल्यांदा गाडी झकास थांबली. मी पुढं वाकून पायाकडं बघत होते. दोनदा. म्हटलं, ‘अण्णा, दोनदा झालं.’ ‘न्हाय झालं!’ परत मागं घेतली. परत दोनदा. त्यांना स्वतःला कळतच नव्हतं हो. चालायला लागलं की हात आपोआप हलतात, तसा तो पाय चालत होता. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘पायाकडं ध्यान द्या. एकदा दाबायचा आणि तसाच धरायचा.’

त्यांनी दाबला आणि धरला. पॅडल खाली गेलं आणि गाडी मात्र चालतच राहिली. टायरींच्या राशीत धप्पकन जाऊन थांबली.

लागलं कुणाला नाही. गाडीला ओरखडाही आला नाही. मग माझ्या शेजारनं महावीर हळू आवाजात म्हणाला, ‘अण्णा, मी हेच सांगत हुतो.’

अण्णांनी मागं वळून बघितलं नाही.

नंतर अव्वाकडनं सगळं कळलं. महावीरला लायसन मिळालं त्याच महिन्यात त्यानं ही गाडी गोठ्याच्या भिंतीवर घातली होती. ब्रेक लागला नाही म्हणून जीव तोडून सांगत होता. अण्णांनी चार माणसांसमोर त्याला सुनावलं, ‘तुझा हात कापतोय, ब्रेकला नाव ठिऊ नको.’ लगेच स्वतः गाडी फिरवून आणून दाखवली. ब्रेक लागला! त्या दिवसापासून त्याला चावी मिळाली नाही. पुढं त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा अण्णा सांगलीला गेले होते. गाडी दारात आणि चावी अण्णांच्या खिशात. शेजाऱ्याचा टेम्पो बोलावून तिला दवाखान्यात न्यावं लागलं. अण्णांना तेव्हाही काही वाटलं नाही. म्हणाले, बरं झालं, तू न्हाय चालवलीस.

हे मला नंतर कळलं. त्या घडीला माझ्या डोक्यात फक्त वैशाली होती. ती तासाभरात येणार, गाडी वारणेला नेणार आणि तिकडं रोज दोन पोरांना मागं बसवून स्वतः चालवणार.

आम्ही खाली उतरलो. अण्णा म्हणाले, ‘तिला सांगूया की, दोनदा दाबायचा म्हणून. आठ दिवसांत सवय हुईल.’

माझं टाळकं सरकलं. ‘अण्णा, रस्त्यात एखादं पोर आडवं आलं तर ते दुसऱ्यांदा दाबायची वाट बघत उभं राहणार हाय व्हय?’

‘बरं, मग दुरुस्त करून दे. पैसे मी देतो. पण तिला काय सांगू नको.’

‘का?’

‘एक नंबर म्हणून सांगितलंय मी. कागलात माझ्या शब्दावर उधारी चालते, पोरी.’

मला राग आला आणि कीवही आली. खोटं बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता. दोष सांगताना त्यांनी काही म्हणजे काही राखलं नव्हतं. जो दोष सवयीत मुरला होता, तेवढा त्यांना दोष म्हणून दिसलाच नाही. पण आता दिसला होता. आता गप्प बसले असते तर ते खोटंच झालं असतं, आणि त्यात मीही सामील.

मी म्हटलं, ‘अण्णा, आल्यावर तुम्ही सांगता का मी सांगू? दोघांपैकी एक जण सांगणार. व्यवहार मोडला तर मोडला.’

अण्णा दारातल्या बाकावर जाऊन बसले. अव्वा नारळ मांडीवर धरून त्यांच्या शेजारी बसली.

वैशाली आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. दोन्ही पोरं धावत जाऊन गाडीला चिकटली, थोरला काचेतनं स्टेअरिंग बघायला लागला. मी तोंड उघडणार तोच अण्णा बाकावरनं उठले.

‘बाई,’ म्हणाले, ‘मी तुमाला एक चुकीचं सांगितलंय. हिचा ब्रेक एक नंबर न्हाय. पहिल्या दाबाला लागत न्हाय. मला कळलं नव्हतं. माझं पोरगं कवापासनं सांगत हुतं, मी ऐकून घेतलं न्हाय. त्याच्यावरच दोष घातला.’

महावीर मोटरसायकलपाशी उभा होता. मान खाली घातली त्यानं.

वैशालीनं पोरांना आधी गाडीपासून ओढून घेतलं. चेहरा पार उतरला होता तिचा. ‘मी तुमच्या बोलण्यावर भरवसा ठेवून घेत होते,’ म्हणाली. ‘आता आणखी काय काय निघेल हे मी कुणाला विचारू?’

टोकन परत द्यायला मी ड्रॉवर उघडला. पण तिनं मागितलं नाही. महावीरकडं बोट दाखवून म्हणाली, ‘ब्रेक दुरुस्त होऊ दे. मग यांनी चालवून दाखवायची, मी शेजारी बसणार. तुम्ही नाही, काका. यांनी. ते म्हणतील चांगली आहे, तर घेते.’

मिस्त्रींनी मागची चाकं परत उघडली, ह्या वेळी नीट. लायनर जाड होते हे खरंच. पण लायनर झिजतील तसे त्यांना ड्रमच्या जवळ सरकवणारा एक छोटा तुकडा आत असतो, त्याला अ‍ॅडजस्टर म्हणतात. तो दोन्ही बाजूंना गंजून अडकला होता. लायनर ड्रमपासून लांबच राहायचे. पहिला दाब त्यांना जवळ न्यायलाच खर्च व्हायचा, दुसऱ्याला ते धरायचे. जॅकवर असताना अण्णांनीच दोनदा दाबला होता, मग मिस्त्रींना कसं कळणार? तरी मी त्यांना ऐकवायचं ते ऐकवलंच. हाताखालचा गडी म्हणाला, मिस्त्रीणबाई, आता पुरे. नवे अ‍ॅडजस्टर बसले, ब्रेक ऑइल बदललं.

दुसऱ्या दिवशी परत सगळे जमले. अण्णांनी खिशातनं चावी काढली आणि मुलापुढं धरली. महावीर नुसता बघतच राहिला. ‘घे की,’ अण्णा म्हणाले. ‘घे बाबा. तुलाच चालवायची हाय.’

तो वैशालीला घेऊन बराच लांब जाऊन आला. आल्यावर ती म्हणाली, घेते. महावीर खाली उतरला आणि नळावर जाऊन तोंड धूत बसला, बराच वेळ. अव्वानं गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला. वैशालीला घरापर्यंत पोचवायला महावीरच गेला, तिला शेजारी बसवून. अण्णा आणि अव्वा एसटीनं कागलला गेले.

मी तेव्हापासून माझी पद्धत बदलली. गाडी विकायला आली की मालकाला दोष विचारते, पण ते मान म्हणून. मग विचारते, घरात ह्या गाडीची चावी कुणाला द्यायची बंद केलीय? लोक हसतात. हसत हसत कुणी मुलाकडं बोट करतं, कुणी बायकोकडं. त्या माणसाला मी आधी स्टेअरिंगवर बसवते.