अंबडचा फिरलेला दगड

दगड फिरला की नाही, हे शोधण्यात मी उमेदीची चार वर्षं घालवली. जालन्यात कुणाला हे सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग पगार विचारायचे. तर ऐका. आपला काळा दगड म्हणजे एकेकाळचा लाव्हा. थंड होताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा पकडतात आणि मग सोडत नाहीत. पुढे जमिनीचा एखादा तुकडा खालच्या हालचालींनी गोल फिरला, तर दगडातली दिशाही त्याच्यासोबत फिरते. ती मोजायची, आजूबाजूच्या दगडांशी ताडून बघायची आणि जमीन किती फिरली ते सांगायचं.

आमच्या सरांना, म्हणजे माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांना, जालना जिल्हा फिरलेला हवा होता. स्वस्थ बसलेल्या जमिनीवरचे लेख परदेशात कुणी छापत नाही, असं ते म्हणायचे. पण राजूरचा दगड घ्या नाहीतर भोकरदनचा, सगळे एकच दिशा सांगायचे. दर निकालाला सर माझ्याकडे असे बघायचे, जणू जमीन मीच धरून ठेवली आहे. माझी फेलोशिप संपत आली होती आणि मुदतवाढीच्या अर्जावर त्यांचीच सही लागणार होती.

अंबडच्या पुढे एका शेतात मोठा खडक उघडा पडला होता. नियम असा, की खडकावर लांबलांबच्या आठ जागा निवडायच्या, ड्रिलनं प्रत्येक ठिकाणी अंगठ्याएवढा नमुना काढायचा आणि तो सुटा करण्याआधी त्यावर उत्तरेची खूण करायची. मे महिना होता, खडक तापला होता. कडेला कडुलिंबाच्या सावलीत बैलगाडीएवढा एक दगड ऐटीत बसला होता. मी आठही नमुने त्याच्यातूनच काढले. शेतमालक काकांनी चहाही तिथंच पाठवला. नियम मला पाठ होता, पण ऊन फार होतं.

प्रयोगशाळेत आठही नमुन्यांनी एकमुखानं सांगितलं, पाव वळसा! सरांनी विभागात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी नकाशावर ‘अंबड ब्लॉक’ नावाचा फिरलेला तुकडा उमटला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषांनी दोन भेगा. त्या भेगा कुणी पाहिल्या नव्हत्या. नकाशातल्या तुटक रेषा म्हणजे आमच्या लोकांच्या इच्छा असतात. लेख लिहून झाला, फक्त दगडाचा एक चांगला फोटो हवा होता, म्हणून मी पुन्हा एसटीनं अंबडला गेले.

काका कौतुकानं म्हणाले, “काढा, काढा. आता कसा बराबर बसलाय. आधी बिलकुल दक्षिणेकडं तोंड व्हतं त्याचं.”

“आधी म्हणजे?”

“घर बांधून राह्यलो व्हतो, तवा वास्तुवाले आल्ते. म्हणले, या दगडाचं तोंड दक्षिणेला हाये, घरात बरकत राह्यची न्हाई. मंग जेसीबी बोलावला न् जल्दी पूर्वेला करून टाकला.”

“मग मला तेव्हा का नाही सांगितलं?”

“बाई, तुमी भोकं पाडायचं इचारलं, मी हो म्हणलं. दगड आधी कुठं बघत व्हता, हे तुमी इचारलंच न्हाई.” माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं. “तुमाला जसा पायजे तसा फिरवून देऊ का? जेसीबी गावातच हाये.”

फोटो न काढताच मी परतले. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली. सरांना सगळं सांगितलं. ते टेबलामागे उत्तरेकडे तोंड करून बसले होते. ते टेबलही आदल्याच वर्षी एका वास्तुवाल्याच्या सल्ल्यानं फिरवलेलं. शांतपणे म्हणाले, “जेसीबीचा पुरावा काय?” मग म्हणाले, “आणखी कुणाला सांगितलंस?” माझा अर्ज त्यांच्या कोपराखाली होता. मी म्हणाले, लेखातून माझं नाव काढा. त्यांनी आनंदानं काढलं. सही काही केली नाही.

पुढे मी भर उन्हात त्या शेतातल्या मोठ्या खडकावर लांबलांबच्या आठ जागांवरून नमुने काढले. सगळे राजूरसारखेच निघाले. पदरच्या पैशानं प्रबंध पुरा केला, त्यात एकही तुटक रेषा नाही. मला त्याचा फार अभिमान होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवायची, आणि तो कुणीच उघडायचं नाही.

आता मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नेमणूक दरवर्षी नव्यानं होते आणि निवड समितीत सर असतात. अभ्यास मंडळावरही तेच आहेत, म्हणून अंबड ब्लॉक अभ्यासक्रमात आहे. मी तो शिकवते. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न हमखास येतो, ‘अंबड ब्लॉक फिरण्याचे कारण लिहा.’ आदर्श उत्तरात भूगर्भातल्या हालचाली आहेत.

गेल्या वर्षी पेपर तपासताना एका मुलीचं उत्तर वाचलं. ‘तो दगड आमच्या गावात आहे. तो आमच्या काकांनी जेसीबीने फिरवला.’ शुद्ध, वळणदार अक्षर होतं.

मी तिला शून्य दिलं.