सातव्या बोडीच्या सात नोंदी

माधवी उंदिरवाडे नागभीडजवळच्या एका मच्छीमार सोसायटीत कंप्युटरवर बसायची. आपलंही कधी चुकू शकतं, यावर तिचा फारसा विश्वास नव्हता.

२००७ साली तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, बोटुकली (बोटाएवढी मासळीची पिल्लं) सोडली की त्याची नोंद छापून यायची. प्रत्यक्ष नोंद लिहिणारा भाग, म्हणजे लायब्ररी, तिला दुसऱ्या कुणी लिहिलेली तयारच मिळाली होती. पहिल्या हंगामात सात बोड्यांत एकेक खेप सोडली आणि कागद निघाला अठ्ठावीस ओळींचा. पहिल्या बोडीची नोंद एकदा, दुसरीची दोनदा, सातवीची चक्क सातदा! माधवीबाईंनी तो न वाचताच नोटीस बोर्डावर डकवला.

पहिल्या बोडीची सोमारीबाई पदर खोचून ऑफिसात हजर. "आमाले एक डाव अन् सातव्या बोडीच्या झिंगूले सात डाव? काऊन?"

अध्यक्ष नानाजी माधवीकडे वळले. "पोरी, सोमवारच्या मिटिंगले काय झालं ते सांग. नाई तं कंप्युटर बी जाईन अन् तू बी."

खुर्चीत बसून काम करणारी माधवी घरातली पहिलीच. तिने आधी प्रिंटरला शिव्या घातल्या, मग व्हायरसला. दोघेही निर्दोष निघाले. तेव्हा कुठे तिने स्क्रिप्ट एकाच बोडीवर चालवून पाहिली. एक ओळ. दोन बोड्या घातल्या, तीन ओळी. तीन घातल्या, सहा. बोडीगणिक आत कुणीतरी वाढत होतं.

आणि तिने कपाळावर हात मारला. सोसायटीची रीतच अशी, की दर बोडीवर त्याच बोडीचा लिहिणारा बसवायचा. परक्याच्या अक्षरावर कुणाचा भरवसा नाही. माधवीने इमानेइतबारे तेच स्क्रिप्टमध्ये उतरवलं होतं. दर बोडीला लायब्ररी नव्याने सुरू, म्हणजे नवा लिहिणारा. पण बोडीवरचा माणूस काम झालं की जेवायला घरी जातो, कंप्युटरमधला जात नाही! सातव्या बोडीवर सातही जण पेन सरसावून बसलेले. तिने लायब्ररी सुरू करायची ओळ उचलून सगळ्यात वर, एकदाच ठेवली. सात बोड्या, सात ओळी.

मिटिंगमध्ये ती उभी राहिली. "चूक माही हाये. मशीनची नाई."

सोमारीबाईला पटेना. "कागद काय, आज एक निघते, उद्या दुसरा. झिंगूनंच सांगावं, किती खेपा आल्या त्या."

सगळे झिंगूभाऊंकडे पाहू लागले. माधवीचा जीव टांगणीला लागला, कारण हा गृहस्थ आठवडाभर चकार शब्द बोलला नव्हता.

"एकच आली," झिंगूभाऊ पुटपुटले.

"मंग आठ दिस बोलला काऊन नाई?" नानाजी गरजले.

"काय सांगू, भाऊ. आठ दिस टपरीवर सारे मले सात खेपांचा शेठ म्हणून राह्यले होते. उठून जागा देत. जल्मात पह्यल्यांदा."

कुणी हसलं नाही. माधवीची नोकरी वाचली होती, पण तिला मान वर करून पाहवेना. सोमारीबाई सतरंजीवर थोडी सरकली.

"बसा, शेठ," ती म्हणाली.