वाग्यूचा निवाडा

लॅडी झ्वोनेक म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विल्माचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणते. माझा नवरा गेल्यापासून मी त्यांच्याच दुकानात मांस कापून, तोलून द्यायला उभी असते, त्यामुळे घरातलं आणि दुकानातलं मला वेगळं करता येत नाही. गिडिंग्जहून लेक्सिंग्टनकडे येताना रूळ ओलांडले की जो काळवंडलेला विटांचा गाळा लागतो, तो आमचा.

दाजींचे वडील खाटीक होते. त्या काळी जनावराच्या छातीचं मांस, ब्रिस्केट, कुणी आपणहून मागत नसे. जनावर उभं राहतं ते सगळा भार छातीवर टाकून, म्हणून ते मांस दोरखंडासारखं चिवट. चांगले तुकडे गावातली बडी घरं घेऊन जात. उरलेली छाती म्हातारा मागच्या भट्टीत ओकच्या लाकडांवर दिवसभर धुरावर ठेवी आणि कापूस वेचायला आलेल्या मजुरांना कागदावर घालून देई. दाजी त्या भट्टीशीच वाढले. आग जरा चढली की म्हाताऱ्याचा पट्टा पाठीवर पडायचा. त्यातून त्यांचा हात तयार झाला. पुढे ह्यूस्टनहून लोक गाड्या काढून यायला लागले, तरी दाजींचं म्हणणं तेच. "चांगलं मांस काय, कुणीही शिजवेल. वाईटाचं चांगलं करायला माणूस लागतो."

डॅरेल त्यांचा एकुलता एक. स्वभाव आईचा. कुणी गप्पा मारायला आलं की हा आगीकडे पाठ करून बसायचा. विशीत आल्यावर दाजींनी त्याला भट्टीवर उभं केलं, आणि त्याच्या हातचं मांस कोरडं व्हायला लागलं. रोज नव्हे, पण व्हायचं. दाजी ओरडणारे नव्हेत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

एका शनिवारी रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. दाजींनी डॅरेलचं ब्रिस्केट फळीवर घेतलं, एक काप कापला आणि तो उचलून रांगेला दाखवला.

"हे माझ्या चिरंजिवांनी केलंय. कुणाच्या बुटाचा तळ गेला असेल तर घेऊन जा, आज फुकट."

रांग हसली. मार्विन शिमेक, आमचा शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर, दाजींचा लहानपणापासूनचा दोस्त, तो म्हणाला, "लॅडी, माझ्या गाडीचा मागचा टायर बघ जरा." लोक आणखी हसले. डॅरेलही हसला. मग त्याने ॲप्रन सोडला, नीट घडी करून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मावशी, आईला सांग मी जेवायला नाही."

तो पुढे कितीतरी वर्षं जेवायला आला नाही. तेलाच्या पाइपलाइनवर राबला, मग शीतपेटीचे ट्रक चालवले, शेवटी उत्तरेला एका रँचवर लागला. तिथे जपानी वाणाची जनावरं पाळत, वाग्यू. त्या मांसात चरबीचं जाळं इतकं बारीक विणलेलं असतं की कच्चा तुकडा संगमरवरासारखा दिसतो. ते मांस तिथे डॅरेल स्वतःच्या हाताने धुरावर शिजवायला लागला, हे आम्हाला नाताळच्या फोनवर कळायचं. फोनवर बोलायची विल्मा. दाजी खुर्चीत असत आणि टीव्हीचा आवाज वाढवत.

चाळिशी ओलांडून डॅरेल परतला तो बायकोला आणि एक ट्रेलर घेऊन, ट्रेलरवर लोखंडी भट्टी. हमरस्त्यालगतच्या जुन्या पेंडीच्या गोदामासमोर त्याने शनिवार-रविवार दुकान मांडलं. पाटीवर लिहिलं होतं, वाग्यू ब्रिस्केट. भाव आमच्या दुप्पट.

गावाला दुसरा विषय उरला नाही. सकाळी आमच्याकडे कॉफी आणि कोलाच, म्हणजे फळं भरलेला गोड पाव, खायला येणारी म्हातारी मंडळी तेच चघळायची, की मुळात चिवट म्हणून स्वस्त असलेल्या मांसासाठी एवढे पैसे घालावेत का. दाजी भट्टीतल्या निखाऱ्यांकडे बघत बोलायचे.

"त्या गाईंना म्हणे मालिश करतात. माझी कंबर तीस वर्षं धरलीय, इथे कोण करतंय मालिश?"

"मी करतो," मार्विन म्हणायचा, "पण दुप्पट भावाने."

विल्मा हे ऐकून आत निघून जायची. तिने दोघांशी वेगवेगळं बोलून पाहिलं. दाजी म्हणाले, "तो आला तर मी नाही म्हणतोय का?" डॅरेल म्हणाला, "आई, मी त्यांच्या दारावरून तीनदा गाडी नेली." शेवटी चर्चच्या वार्षिक जेवणावळीत डॅरेलनेच पाऊल उचललं. हॉलमध्ये पोल्का नाच चालू होता, लांब टेबलांवर सॉसेज, बटाटे, लोणच्याच्या काकड्या. तो एक अख्खं ब्रिस्केट घेऊन आला आणि आमच्या टेबलाशी उभा राहून त्याने ते कापलं. प्लेट वडिलांपुढे ठेवली.

"ताता," तो म्हणाला, "एकदा चाखा. आणि खरं सांगा, हे घेण्यासारखं आहे की नाही?"

आजूबाजूची माणसं खुर्च्या वळवून बसली. दाजींनी पारखायला काप बोटावर आडवा टाकला. तो दोन्हीकडून लवला आणि तुटला नाही. त्यांनी खाल्लं. मी समोरच होते. दाजी मांस चावताना डावा डोळा बारीक करतात, काहीतरी खोट शोधत असल्यासारखा. त्या दिवशी तो डोळा बारीक झाला आणि मग सैल पडला. त्यांनी ब्रिस्केटची पातळ बाजू घेतली, जी आधी कोरडी पडते, जिच्यावरून डॅरेलची एवढी शोभा झाली होती. तीही खाल्ली. प्लेट रिकामी झाली, तळाचा रस त्यांनी पावाने पुसून घेतला.

मग त्यांनी मान वर केली. सगळे त्यांच्याकडे बघत होते, मार्विन सर्वांत पुढे.

"हे लोणी आहे," दाजी म्हणाले. "मांस नव्हे. दोन घासांत तोंडाला मिठी बसते. ज्याच्याकडे पैसे उतू चाललेत त्याने घ्यावं."

हॉल हसला. डॅरेल म्हणाला, "बरं." त्याने सुरी पुसली, उरलेलं कागदात गुंडाळलं आणि आईच्या गालाचा मुका घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात दाजींनी एक गोष्ट केली, ती मी आणि विल्माने तेवढी पाहिली. ते टेंपल गावी जाऊन वाग्यूचं एक कच्चं ब्रिस्केट घेऊन आले. सोमवारी दुकान बंद असतं. सोमवारीच त्यांनी भट्टी पेटवली. मी फळ्या घासायला गेले होते. बघते तर दाजी आगीत लाकूड कोंबतायत, एवढं की धग दारापर्यंत यावी. त्या भट्टीवर त्यांनी असं कधी होऊ दिलं नव्हतं. उगाच झाकण उघडायचे, उघडंच ठेवायचे. मध्ये उठून पोस्टात गेले. मला वाटलं, वयाने डोकं फिरलं. संध्याकाळी त्यांनी मांस काढलं, मुरायला क्षणभरही न ठेवता लगेच कापलं.

कापातून रस फळीवर उतरला.

"खा," ते मला म्हणाले.

मी खाल्लं. मला विचाराल तर ते जरा जडच, मला आमचं साधं आवडतं, लोणच्याबरोबर पोटभर खाता येतं. पण वाईट म्हणायला जागा नव्हती.

"मी मुद्दाम बिघडवलं, बर्नीस," दाजी म्हणाले. "त्याने बिघडवलं असतं तसंच सगळं केलं. एकही चूक सोडली नाही. बिघडलं नाही."

ते उलट्या बादलीवर बसले. विल्मा दारात उभी होती.

"हे मांस सांभाळून घेतं," ते म्हणाले. "चुकलं तरी सांभाळून घेतं. मी त्या पोराच्या हातात कसलं मांस दिलं होतं? माझ्या बापाने मला दिलं होतं तसलं. आणि वर हसलो."

"मग उठा," विल्मा म्हणाली. "गोदामापर्यंत पाच मिनिटं लागतात. जाऊन सांगा."

"सांगेन. चांगला दिवस बघून सांगेन."

"चांगला दिवस कसला बघताय?"

थँक्सगिव्हिंगला सांगतो म्हणाले, तेव्हा डॅरेल बायकोच्या माहेरी गेला. मग नाताळला म्हणाले, तेव्हा घरभर पाहुणे होते. आणि तोवर हॉलमधला तो शब्द गावभर फिरला होता. लॅडी झ्वोनेक म्हणाला लोणी आहे. आमच्या गावात ब्रिस्केटबद्दल दाजींच्या शब्दावर दुसरा शब्द नाही. ऑस्टिनची मंडळी काही आठवडे डॅरेलकडे येऊन फोटो काढून गेली, नंतर त्यांना दुसरं काही सापडलं. गावातलं कुणी थांबेना. थांबलं तर शेजारी विचारायचे, "काय, लॉटरी लागली का?" ईस्टरच्या आधी डॅरेलने पाटी उतरवली. ओक्लाहोमात एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये काम मिळालं होतं.

डॅरेल ट्रेलर गाडीला जोडत होता त्या सकाळी दाजी गोदामाशी गेले. सोबत मला नेलं. मी गाडीतच बसले, काच खाली होती.

"चांगलं होतं ते," दाजी म्हणाले. "हॉलमधलं. माझ्या हातचंही इतकं चांगलं मी कधी खाल्लं नाही."

डॅरेल साखळी अडकवत होता. "माहीत आहे, ताता. प्लेट बघितली होती मी."

"मग तेव्हाच का नाही बोललास सगळ्यांसमोर?"

"मी काय बोलणार? विचारायचं काम माझं होतं. ते मी केलं."

दाजींनी टोपी काढली, परत घातली. "आता सांगतो सगळ्यांना. उद्याच सांगतो. पाटी परत लाव."

"नको. घर सोडलं, सामान गेलं." त्याने साखळी ओढून पाहिली. "आणि मांस सांभाळून घेतं म्हणे. आईने सांगितलं तुम्ही असं म्हणालात. खरं आहे ते. मांस घेतं."

त्याने गाडी सुरू केली. माझ्याकडे बघून हात केला. दाजी गोदामासमोरच्या खडीत उभे राहिले ते मी हॉर्न वाजवीपर्यंत.

दाजींनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून ते येईल त्याला सांगायला लागले, डॅरेलचं ब्रिस्केट माझ्यापेक्षा सरस होतं, मी खोटं बोललो. पण इतकी वर्षं ते निखाऱ्यांकडे बघतच टोमणे मारत आले, त्यामुळे हाही लोकांना टोमणाच वाटतो. मार्विन मांडीवर थाप मारून हसतो. नवी माणसं म्हणतात, म्हाताऱ्याचं मन किती मोठं, पोराची बाजू घेतो.

परवा एक जोडपं आलं होतं, मुलीचं लग्न परसात करणारं. नवऱ्याने विचारलं, "मी पहिल्यांदाच ब्रिस्केट धुरावर करणार आहे. वाग्यू घेऊ का? एवढा पैसा घालण्यासारखं आहे?"

"घ्या," दाजी म्हणाले. "नवखे आहात, नक्की घ्या. चुकलात तरी सांभाळून घेईल."

मागून मार्विन ओरडला, "ऐकू नका हो, थट्टा करतोय तुमची. त्यानेच भर हॉलमध्ये सांगितलंय, लोणी आहे म्हणून."

दाजी म्हणाले, "थट्टा नाही करत." जोडपं हसलं. बाईने काचेतून आमच्या मांसाकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाली, तुमच्याचकडून शिजवलेलं नेतो, म्हणजे प्रश्नच मिटला. मी कागद फाडला आणि तोलायला घेतलं. दाजी मागे जाऊन आगीत लाकूड सारत बसले.