तिसऱ्या आठवड्यातलं वजन

पंचवटीतल्या निकमांच्या भुसार दुकानात गल्ल्यावर योगिनी बसायची. अंगानं अवाढव्य, बोलायला तिखट. गिऱ्हाईक तिच्याशी घासाघीस करायला धजायचं नाही. १९९३ साली देवळ्याहून लग्न होऊन आली तेव्हा ती बेताच्याच अंगाची होती. दोन बाळंतपणं झाली, थायरॉईडचं दुखणं मागे लागलं, आणि दहा-बारा वर्षांत ती अशी सुटली की रिक्षावाले तिला लांबून बघूनच रिक्षा पुढे काढायचे. सासू सगुणाबाई आल्या-गेल्यासमोर तिला ‘आमचं पोतं’ म्हणायच्या. नवरा, निवृत्ती, काही म्हणायचा नाही. लग्नकार्याला मात्र तो तिला न घेताच जायचा.

२००८ साली गुडघे बसले. साखर वाढली. झोपेत श्वास अडकायला लागला. तिचा धाकटा भाऊ अमित ओझरला विमानाच्या कारखान्यात होता. तोच तिला नाशकातल्या एका नव्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, की आता पथ्यानं भागणार नाही. ऑपरेशन करून जठर लहान करावं लागेल.

घरात वणवा पेटला.

“खाण्यावर ताबा नाय म्हणून पोट कापायचं?” सगुणाबाई म्हणाल्या. “आमच्या खानदानात असले थेर कुणी केले नाय. लोकं काय म्हणतील?”

“लोकांना जे म्हणायचं ते तुम्ही आधीच शिकवून ठेवलंय,” योगिनी म्हणाली.

निवृत्तीनं सही केली, पण सही करताना म्हणाला, “करून घे. पण उतरलं नाही तर मला तोंड दाखवू नकोस.”

दसऱ्याच्या आधी ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी नर्सनं तिला धरून वजनाच्या यंत्रावर उभं केलं, तर आकडा आधीपेक्षा जास्त. निवृत्ती तिथेच होता. तो हसला, आणि ते हसू योगिनीला टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

“कापून घेतलं ते वाढवायला?” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई शेजारच्या खाटेवरचा पेशंट बघत होत्या. मान न वळवता त्या म्हणाल्या, “बाटल्यांवर बाटल्या सलाईन गेलंय अंगात. ते पाण्याचं वजन आहे, आठवड्यात निघून जाईल. आणि पेशंटशी असं बोलायचं असेल तर बाहेर उभे राहा.”

तो बाहेर गेला. पण हा अपमान त्यानं लक्षात ठेवला.

घरी आल्यावर वजन खरोखरच उतरायला लागलं, आणि भराभर उतरलं. डाळीचं निवळ पाणी, ताक, डॉक्टरांनी दिलेली पावडर, घोट घोट पाणी, एवढ्यावर ती राहत होती. ब्लाऊज ढिले झाले. शेजारच्या बायका बघायला येऊन गेल्या. सगुणाबाई गप्प होत्या. त्यांच्या गप्प बसण्याची योगिनीला बोलण्यापेक्षा जास्त धास्ती वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मऊ खिचडी सुरू करायला सांगितली, आणि त्याच आठवड्यात काटा थांबला. चार दिवस हलला नाही. पाचव्या दिवशी तर किलोभर वर गेला. योगिनीनं घाबरून दवाखान्यात फोन लावला.

“होतं असं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सुरुवातीला शरीर साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी खर्च करतं. मग थोडं पाणी परत धरून ठेवतं. चरबी आतून कमीच होत असते. पाणी पीत राहा, थोडं चालत राहा, आणि रोज काट्यावर चढू नका.”

हे तिनं घरात सांगितलं. सांगायला नको होतं.

दिवाळी तोंडावर होती. सविता, म्हणजे धाकटी जाऊ, फराळ करत होती. त्या दिवसापासून सगुणाबाईंनी फराळाचे डबे आपल्या खोलीत कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

“पाण्यानं वजन वाढतं म्हणे,” त्या सविताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “चकल्या खाल्ल्या का पाण्यातनं, विचार तिला.”

“आई, मला दोन घास खिचडी जात नाही,” योगिनी म्हणाली. “चकली गिळली तर मी मरेन.”

“मग वजन कुठनं आलं? हवेतनं?”

सविता खाली मान घालून शंकरपाळे कापत राहिली. योगिनीच्या बाजूनं एक शब्द तिच्या तोंडून निघाला असता तर पुढचं कदाचित टळलं असतं. तो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निवृत्तीनं तिला दुकानात बोलावलं. घरातल्या काट्यावर त्याचा विश्वास राहिला नव्हता. दुकानात पोती मोजायचा मोठा काटा होता. भिका हमाल गव्हाचं पोतं त्यावर ठेवत होता. निवृत्तीनं त्याला पोतं उतरवायला लावलं.

“चढ,” तो योगिनीला म्हणाला.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक बाई ज्वारी निवडून बघत होती, तिचा हात थांबला.

“इथं?” योगिनीनं विचारलं.

“लपवण्यासारखं काही नाही ना? मग चढ.”

ती चढली. नाही म्हटलं तर चोरी कबूल केल्यासारखं होईल असं तिला वाटलं. भिका पाठ फिरवून गोणपाट झटकायला लागला. निवृत्तीनं आकडा मोठ्यानं वाचला. घरच्या काट्यावरचाच तो आकडा होता, पण दुकानात वाचला गेल्यावर तो सगळ्या गल्लीचा झाला.

“खातेस तू,” तो म्हणाला. “बाकी मला काही कळत नाही.”

योगिनी काट्यावरून उतरली. ती रडली नाही. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तोच गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन तिनं ठरवलं. वजन पाण्याचं आहे ना? मग पाणीच सोडायचं.

तिनं ताक बंद केलं, पाणी बंद केलं. ओठ सुकले की ओल्या फडक्यानं पुसायची. डोकं दुखायला लागलं, लघवी गडद झाली, उभं राहिलं की भिंत हलायची. आणि काटा मात्र खाली आला, चांगला दोन-अडीच किलोंनी. निवृत्तीनं तो आकडा बघितला.

“बघ,” तो आईला म्हणाला. “चार शब्द बोललं की उतरतं.”

सगुणाबाईंनी समाधानानं पदर सावरला.

नरकचतुर्दशीच्या सकाळी योगिनी न्हाणीघराच्या दारात कोसळली. सविता धावली. तिनंच निवृत्तीला न विचारता अमितला फोन केला. अमित ओझरहून मोटारसायकलवर आला, आणि मग रिक्षात घालून त्यानं तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ पाहिली, नाडी पाहिली, सलाईन लावलं. योगिनीला बोलता यायला लागल्यावर त्यांनी विचारलं, “पाणी का सोडलंत?”

“वजन उतरावं म्हणून.”

“उतरलं?”

“हो.”

“मूत्रपिंडं बंद पडायला आली होती. आणखी एक दिवस गेला असता तर तुम्हाला इथं आणायची गरज राहिली नसती.” त्या मागाहून आलेल्या निवृत्तीकडे वळल्या. “हिला रोज कोण मोजतंय?”

निवृत्ती खिडकीबाहेर बघत राहिला. माफी त्यानं मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

सलाईननं वजन पुन्हा वर गेलं. या वेळी योगिनीनं आकडा विचारला नाही. दवाखान्यातून सुटताना तिनं अमितला सांगितलं, “मला ओझरला ने.” निवृत्ती म्हणाला, “सणासुदीचं माहेरी? लोक काय म्हणतील?” ती रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, “चला.”

ओझरला ती संक्रांतीपर्यंत राहिली. भावजय पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी ठेवायची आणि काही विचारायची नाही. मुलं दर रविवारी भेटायला यायची. काट्यावर ती महिन्यातून एकदाच चढायची, तेही दवाखान्यात. मधे आणखी एकदा आकडा दोन आठवडे थांबला. ती पाणी पीत राहिली. मग तो आपला आपण खाली आला.

संक्रांतीनंतर ती परत गेली, पण आपली चूल वेगळी मांडून. निवृत्तीशी ती कामापुरतं बोलायची. दुकानात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. घरीच मसाले कांडून विकायला लागली.

वर्षभरानं ती एवढी उतरली होती की लासलगावहून आलेल्या निवृत्तीच्या आत्यानं तिला आधी ओळखलंच नाही.

“आम्ही लय जपलं तिला,” सगुणाबाई आत्याला सांगत होत्या. “पाण्यापासनं पथ्यापर्यंत मीच बघायचे.”

योगिनी चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवले.

“काय बघायचात, आई? सांगा ना आत्यांना.”

आत्या एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. सगुणाबाई उठल्या, देवाची वात संपली असेल म्हणाल्या आणि आत गेल्या. योगिनी आत्यांसमोर बसली आणि त्यांना लासलगावकडच्या पावसापाण्याचं विचारू लागली.